उशीर कुणाचा

बसा. कॉम्प्युटर चालू असू दे, पण पडदा जरा पलीकडे वळवून ठेवा, म्हणजे डोळ्यांना काम राहणार नाही. हेडफोन गळ्यात, हात मांडीवर. गेले दोन दिवस छळणारा तो ट्रॅक, ज्यात मिडी कीबोर्डवर वाजवलेला लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी धून, तबल्याशी जुळत नाहीये, तो अजून लावू नका. आधी मनाने पुण्यातल्या झेड पुलावर या.

श्रावणातली संध्याकाळ आहे. खाली मुठेच्या पात्रात ढोलताशा पथकाचा सराव चालला आहे. ताशाची तर्री वरपर्यंत येते आहे. कठड्याशी उभे राहा आणि एकच ढोलवाला निवडा, बाकीच्यांना सोडून द्या. त्याचं टिपरू वर जातं, खाली येतं, पानावर आदळतं. आवाज मात्र तेव्हा येत नाही. टिपरू पुन्हा उचललं जात असतं, तेव्हा कुठे तो तुमच्यापर्यंत पोचतो.

पावसाळी हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर चालतो, म्हणजे एका मिलिसेकंदात फुटापेक्षा थोडं जास्त. ढोलवाल्यापासून तुम्ही साठ मीटरवर असाल तर प्रत्येक ठोका सुमारे १७० मिलिसेकंद उशिरा येणार. यात ढोलवाल्याची काही चूक नाही. तो लयीतच आहे. उशीर मधल्या हवेत आहे.

आता पुलावरून उतरा आणि नदीकाठाने हळूहळू मागे मागे जा. नजर त्याच हातावर. पथक मिनिटाला १२० ठोक्यांच्या सरळ लयीत वाजवतंय असं धरा. डोळा आणि कान यांच्यातलं अंतर वाढत जातं, वाढत जातं, आणि १७० मीटरच्या आसपास एक जागा अशी येते की सगळं पुन्हा जुळतं. टिपरू पडतं आणि त्याच क्षणी आवाज होतो. इथे थोडं थांबा. किती बरोबर वाटतंय पाहा. पण हा आवाज समोरच्या ठोक्याचा नाही, अर्ध्या सेकंदापूर्वीच्या, मागच्या ठोक्याचा आहे. हे कळायला पथक थांबावं लागतं. शिट्टी होते, सगळे हात एकदम स्थिर होतात, आणि त्या स्थिर हातांवरून एक ठोका अजून येतो.

तो शेवटचा ठोका लक्षात राहू द्या आणि खोलीत परत या.

माझ्या खोलीत दीड वर्षापूर्वी एक ज्येष्ठ तबलावादक आले होते. मी त्यांना काका म्हणते. त्रितालाचा लेहरा मी कीबोर्डवर आधीच वाजवून ठेवला होता, हार्मोनियमच्या आवाजात. ते हेडफोनमध्ये लेहरा ऐकत तबला वाजवणार आणि मी माइकवर तो घेणार, इतकं साधं काम. पहिलं ध्वनिमुद्रण झालं. लावून ऐकलं तर लेहरा पुढे पळतोय आणि तबला त्याच्या मागून येतोय असं वाटलं. पडद्यावरही तेच दिसलं. प्रत्येक ‘धा’ मात्रेच्या रेघेच्या जरा उजवीकडे. आणि पडद्यावर दिसतं ते खरं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

मी म्हणाले, “काका, जरा मागे पडतंय का?”

ते दचकले. “मागे? थांब हं, परत वाजवतो.”

परत वाजवलं. परत तेच. मी परत सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी पुढे ओढून वाजवायला सुरुवात केली. पडद्यावर आता ठोके रेघेजवळ आले, पण बायाचा घुमारा गेला, तोंड आवळून बोलणाऱ्या माणसासारखा तबला ऐकू यायला लागला. काका गप्प झाले. हातोडी, पावडर, सगळं हळूहळू पिशवीत भरलं. जन्मभर लयीत राहिलेल्या माणसाला मी त्याच्या हाताबद्दल शंका घ्यायला लावली होती. ती संध्याकाळ आठवली की मला आजही बरं वाटत नाही.

रात्री मी पहिलं ध्वनिमुद्रण उघडून मात्रा मात्रा पाहत बसले. बारा आवर्तनं, १९२ मात्रा. सगळीकडे मागेपणा होता, आणि त्याखाली एक न हलणारं, ठरीव अंतर होतं. समेला तेवढंच, खालीला तेवढंच, तिरकिट पडल्यावरही तेवढंच. त्याच्या वर काकांचा हात आपला जरासा अलीकडे, जरासा पलीकडे जिवंतपणे हलत होता. पण खालचं ते अंतर मुंगीएवढंही सरकत नव्हतं.

माणूस इतका सारखा चुकत नाही.

हे वाक्य एकदा मनात म्हणा. तुमच्या ट्रॅककडे वळण्याआधी ते तिथे असायला हवं.

आता डोळे मिटा. उजव्या हाताची तर्जनी एका कळीवर आहे असं समजा. षड्ज वाजवायचा आहे. आपण त्या एका स्वराबरोबर बोटापासून कानापर्यंत चालत जाणार आहोत. सावकाश. घाईने गेलं की या वाटेवरचे थांबे दिसत नाहीत.

बोट कळ दाबतं. कळीखाली एकापाठोपाठ एक असे दोन संपर्क असतात. पहिला जुळला आणि दुसरा जुळला, यांच्यामध्ये किती वेळ गेला यावरून कीबोर्ड ठरवतो की तुम्ही किती जोरात वाजवलंत. म्हणजे जोराचं मोजमाप इथे वेळाने होतं. मग तीन बाइटचा एक छोटा संदेश निघतो: स्वर सुरू झाला, कोणता, किती जोरात. जुनी पाच खुंट्यांची मिडी केबल असेल तर त्यात सेकंदाला ३१,२५० बिट जातात. हा वेग १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या मिडी मानकातला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यव्यापाराच्या प्रदर्शनात डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि इकुतारो काकेहाशी यांच्या रोलँडचा ज्युपिटर-६ अशी दोन वेगळ्या घरची वाद्यं एका केबलने जोडून दाखवली गेली, आणि एकाच्या कळीवर दुसरं बोललं. त्या वेगाने एका स्वराचे तीन बाइट जायला एका मिलिसेकंदाला थोडा कमी वेळ लागतो. दहाही बोटं एकदम टेकवलीत तरी स्वर एकामागून एक जातात, आणि दहावा पहिल्याच्या जवळजवळ नऊ मिलिसेकंद मागून पोचतो. तारेत घोळका नसतो, रांग असते. यूएसबीमुळे ही रांग बरीच वेगाने सरकते, पण संपत नाही.

स्वर कॉम्प्युटरच्या दाराशी आला. इथे बफर आहे. स्वारगेटला शेअर रिक्षा कशा सुटतात ते आठवा. एकटे तुम्ही बसलात म्हणून रिक्षा निघत नाही, जागा भरल्या की निघते. कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने तयार करतो, पण एकेक पाठवत नाही, गठ्ठा भरला की पाठवतो. गठ्ठा ६४ नमुन्यांचा असेल तर दीड मिलिसेकंदात निघतो, १०२४ चा असेल तर २३ मिलिसेकंद थांबावं लागतं. मोठा बफर कॉम्प्युटरला सुखाचा, कारण फेऱ्या कमी. लहान बफर वाजवणाऱ्याला सुखाचा, पण फार लहान केला की यंत्र धापा टाकतं आणि आवाजात टकटक येते. मिक्सिंग करताना मोठा ठेवलेला बफर ध्वनिमुद्रणाच्या वेळी तसाच राहून जाणं ही अगदी नेहमीची चूक. माझ्याकडूनही तीच झाली होती.

पुढे चला. सॉफ्टवेअरमधलं वाद्य स्वर घडवतं. इथे एक नाजूक जागा आहे. मिडीची खूण वेळेवर असते, पण व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज असेल तर तो उमलायला वेळ घेतो. गायिका समेवर स्वर दिसावा म्हणून श्वास आणि कंठ समेच्या आधीच उचलते. ते भान यंत्रातल्या वाद्याला नसतं. अशा ठिकाणी खुणा ओढत बसू नका. तो अख्खा ट्रॅक थोडा आधी सुरू होईल अशी वजा मिलिसेकंदांची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, तिचा आधार घ्या.

मग तारेतून स्पीकर, स्पीकरपासून मीटरभर हवा, तिचे तीन मिलिसेकंद. हेडफोन ब्लूटूथचे असतील तर मात्र इथेच सगळा घोटाळा असू शकतो, कारण त्यांचा उशीर बऱ्याचदा शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जातो. ते काढा, तारेचे लावा.

कान आला. स्वर पोचला. आता त्याच वाटेने उलटे परत जा, आणि प्रत्येक थांब्यावर दोन प्रश्न विचारा. इथे किती वेळ लागतो? आणि दर वेळी तेवढाच लागतो का?

पहिला प्रश्न सगळेच विचारतात. मला महत्त्वाचा वाटतो दुसरा.

आता ट्रॅक लावा, पण पडदा वळवलेलाच राहू दे. पहिलं आवर्तन ऐका. मग मधलं काही न ऐकता एकदम शेवटचं. पहिलं जुळलेलं आणि शेवटचं विस्कटलेलं असेल, तर उशीर वाढत चालला आहे, आणि कुठेतरी दोन घड्याळं आहेत. तबला १२० च्या लयीत घेतला आणि प्रकल्पाची लय ११९.५ राहिली, तर चार मिनिटांच्या शेवटी दोघांत पूर्ण एका सेकंदाचं अंतर पडतं. बाहेरून आणलेली मिडी फाइल स्वतःची लय घेऊन आलेली असते. एक ट्रॅक मात्रांना बांधलेला असतो, दुसरा सेकंदांना, आणि मध्येच लय बदलली की एकच सरकतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी घेतलेला आवाज ४८,००० चा समजून वाजवला गेला तर तो सुमारे आठ टक्के लवकर संपतो, आणि त्याची पट्टीही हार्मोनियमवर सुमारे दीड पडदा चढते. पांढरी एकचा गाणारा काळी एकच्याही वर गेला तर कानच सांगतो. वाढत्या उशिराला ट्रॅक ओढून काही होत नाही. सुरुवात जुळवली की शेवट सुटतो, शेवट धरला की सुरुवात. तिथे ओढाओढी सोडून सगळ्यांना एका घड्याळावर आणायचं.

ठोके कधी अलीकडे, कधी पलीकडे, कसलाच धरबंद नसलेले असतील, तर आधी गठ्ठ्याच्या कडा, मधला यूएसबी हब, लॅपटॉपची वीज वाचवण्याची सोय, हे पाहा. एकच स्वर दोनदा येत असेल तर कीबोर्डचा स्वतःचा आवाज आणि सॉफ्टवेअरचा आवाज दोन्ही सुरू आहेत. कीबोर्डवर ‘लोकल’ बंद करा.

आणि सगळीकडे सारखाच उशीर असेल तर पुन्हा झेड पुलाकडे चला, कारण आता तो शेवटचा ठोका लागणार आहे. ऑडिओ इंटरफेसच्या बाहेर जाणाऱ्या भोकातून आत येणाऱ्या भोकात एक केबल लावा. एका ट्रॅकवर एक टोकदार टकटकीचा आवाज ठेवा. एकच. नियमित टकटक ठेवलीत तर अख्ख्या मात्रेचा उशीर पुढच्या टकटकीमागे लपून बसेल, आणि काठावरच्या त्या जागेसारखं सगळं जुळल्याचा भास होईल. एक टकटक, मग शांतता. ती वाजू द्या, दुसऱ्या ट्रॅकवर टिपली जाऊ द्या. आता पडदा समोर घ्या, दोन्ही खुणा मोठ्या करून पाहा, मधले नमुने मोजा.

मी त्या रात्री मोजले. १०२४. बरोबर एक बफर. इंटरफेस सॉफ्टवेअरला आपला उशीर सांगत होता त्यात एक गठ्ठा सांगायचा राहत होता, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रण २३ मिलिसेकंद उजवीकडे जाऊन बसत होतं. लेहरा पुढे पळत नव्हता. काका मागे पडत नव्हते. ध्वनिमुद्रणाच्या ऑफसेटमध्ये तो आकडा भरला, पहिलं ध्वनिमुद्रण तेवढं डावीकडे घेतलं, आणि ‘धा’ लेहऱ्याच्या षड्जात मिसळला.

मिडीचीही अशीच परीक्षा घेता येते. हे आधीचं काम झाल्यावर माइक कळीजवळ आणा. कळ तळाला टेकल्याचा जो ‘ठक’ आवाज येतो तो एका ट्रॅकवर घ्या, त्याच वेळी मिडीची खूण दुसऱ्यावर. वीसदा वाजवा. दोन्हींतलं अंतर पाहा. ते ठरीव आहे की थरथरतंय, एवढंच पाहायचं.

आता जरा दूर जाऊ. नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून खोडद. शेतांच्या मधोमध पंचेचाळीस मीटर व्यासाच्या जाळीच्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीतून उभी राहिलेली. अशा तीस तबकड्या आहेत. चौदा मधल्या भागात, सोळा तीन बाहूंवर, आणि दूरवरच्या दोन तबकड्यांत पंचवीस किलोमीटरपर्यंत अंतर. दूरच्या एखाद्या आकाशगंगेची लहर या सगळ्यांवर एकाच क्षणी पोचत नाही. जवळच्या तबकडीला आधी भेटते, लांबच्या तबकडीला नंतर. पंचवीस किलोमीटरला प्रकाशाच्या वेगानेही ८३ मायक्रोसेकंद लागतात. सगळ्यांचं ऐकणं एकत्र करायचं तर जिला लहर आधी भेटली तिचा संदेश थांबवून धरावा लागतो, शेवटचीचा येईपर्यंत. आणि पृथ्वी फिरते आहे, म्हणून किती थांबायचं हे सतत नव्याने ठरवावं लागतं.

मला हे फार आवडतं. तिथे कुणी लांबच्या तबकडीला उशीर केल्याबद्दल बोल लावत नाही. ती कुठे उभी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच रात्रंदिवस चाललेलं असतं. एखादा प्लगइन पुढचं थोडं आधी पाहून मग आवाज बाहेर सोडतो, त्याला हजारो नमुन्यांचा वेळ लागू शकतो, म्हणून बाकीचे सगळे ट्रॅक त्याच्यासाठी थांबवले जातात. वाजवून झालेल्या ट्रॅकला थांबवता येतं. आत्ता, या क्षणी तुमच्या बोटाखाली जन्मणाऱ्या स्वराला मात्र कुणी आधी आणू शकत नाही. म्हणून वाजवताना असे प्लगइन बंद ठेवा. मिक्सिंगला परत लावा.

वाट साफ झाली. आता हात राहिला.

इथे सगळ्यात सावकाश चला, कारण इथे ‘क्वांटाइझ’ची एक कळ आहे आणि ती दाबणं फार सोपं आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एका मात्रेचे ४८० भाग असतात. त्रितालाचं एक आवर्तन म्हणजे ७,६८० घरं. कळ दाबली की प्रत्येक स्वर जवळच्या रेघेवर जाऊन बसतो. आपल्याकडे दोन मात्रांमधल्या अंतराला लय म्हणतात, आणि ते अंतर सारखं असावं असंच शिकवतात. पण तबल्याच्या वर्गात कुणीही रेघ दाखवत नाही. टाळी दाखवतात, खाली दाखवतात, ठेक्याला वजन असतं हे हातानेच समजावतात.

ऑफसेट भरल्यावर मी काकांची आवर्तनं पुन्हा पाहिली. नवव्या मात्रेनंतर, खालीच्या भागात, ते दर वेळी किंचित सैल होत होते. तेरावीपासून सावरत होते, आणि सम अगदी जागेवर. यंत्राची थरथर कुठेही येते, तिला मात्रा माहीत नसते. हा सैलपणा मात्र नवव्या मात्रेला ओळखत होता. त्याला मी हात लावला नाही.

मग माझा लेहरा उघडला. तो मी आधीच शंभर टक्के क्वांटाइझ करून ठेवला होता. ते रद्द केलं. खाली माझा खरा हात दिसला, आणि दर आवर्तनाच्या शेवटच्या चार मात्रांत मी घाई करत होते. समेच्या ओढीने नव्हे, साध्या कच्चेपणाने. हा दोष वाटेतला नव्हता. ते माझं वजनही नव्हतं. मी आठवडाभर रोज अर्धा तास तेच चार मात्रांचं वळण वाजवलं आणि लेहरा नव्याने घेतला.

काकांना फोन करून सगळं सांगितलं, माफी मागितली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “अगं, म्हणजे ते पहिलं ठेवलं आहेस ना? त्यात रेला चांगला पडला होता.”

ठेवलं आहे.

आता तुमचा ट्रॅक. पडदा पुन्हा वळवा. डावा तळवा वर, उजवा हात त्याच्यावर. लेहरा सुरू होऊ दे, एक आवर्तन तसंच जाऊ दे. पुढच्या आवर्तनाला समेवर टाळी. पाचवीला टाळी. नववीला उजवा हात बाजूला न्या, मोकळा, आणि तिथे तबला काय करतो ते ऐका. तेरावीला टाळी. चौदा, पंधरा. सोळावीला हात वर उचललेला असू दे.